उंचीवरून वय

तालुका क्रीडा कार्यालयात खेळाडूचं वय उंचीवरून ठरतं, आणि कागदावर शिक्का बसला की अंगही त्याच वयाचं होतं. पूर्वी जन्मदाखले चालायचे. पण मिसरूड फुटलेले बाप्ये खोटे दाखले आणून 'दहा वर्षांखालील' कबड्डीत उतरायला लागले. तेव्हा टेंभेकरसाहेबांनी दाखले बंद केले आणि भिंतीवर पट्टी रंगवून घेतली. साहेबांचं डोकं ते! चोर सोडून संन्याशाला फाशी.

तनुजा घोलप तेरा वर्षांची, पण पट्टीवर 'आठ'ला टेकली. शिक्का बसला तसे तिचे पुढचे दोन दात हातात आले. धाकटा भाऊ विघ्नेश खरा दहाचा, पण बापासारखा ताडमाड. त्याला सतरा लागलं, मिशी फुटली. तेव्हापासून घरात तनुजाच त्याला दादा म्हणायची. वयाने मोठा, मग काय म्हणणार?

त्याचं तिला काही नव्हतं. पण चौदा वर्षांखालच्या दोनशे मीटरसाठी दोन वर्षं ती रोज माळावर जीव तोडून पळत होती. आठ वर्षांच्या मुलींना एकच स्पर्धा खुली होती, लिंबू-चमचा.

शर्यतीच्या दिवशी तिची आई सुलभा पदर खोचून, दोन्ही पोरांना घेऊन कार्यालयात शिरली. "साहेब, माझी पोर वाऱ्यासारखी पळते. तिच्या तोंडात चमचा देताय? लाज कशी वाटत नाही?"

"अपील करा," टेंभेकर म्हणाले. ते खुर्चीतून कधीच उठत नसत. खुर्चीत दोन उशा होत्या. "सज्ञान पालकाची सही लागेल."

"हे ट्रकवर गेलेत, महिनाभर येत नाहीत. मी करते सही."

"मग पट्टीपाशी उभ्या राहा."

"अहो, माझ्या लग्नाला पंधरा वर्षं झाली!"

"लग्न काय, कुणाचंही होतं. चपला काढा."

सुलभा चार फूट सात इंच. तनुजाने तिचा हात ओढला. "आई, नको गं. मी लिंबू-चमचा खेळते. चल घरी."

"गप्प बस. तुझ्यासाठी एवढंही करू नको?" सुलभा ताठ उभी राहिली. पट्टीवर साडेबारा भरले. शिक्का बसला.

सुलभाचा पदर सुटून खाली पडला. तो उचलायचा असतो हे तिला आठवेना; मोठ्या माणसाचं अंगाबरोबर डोकंही मागे जातं. सहीला पालक उरला नाही, म्हणून अपील फेटाळलं.

"तिकडे शर्यत आहे?" खिडकीतून मैदान बघत सुलभाने विचारलं. "मी पळू?"

"चौदाखाली एक जागा रिकामी आहे," टेंभेकर म्हणाले. ती तनुजाचीच होती.

तनुजाला रडू येत होतं. तरी तिनेच आईच्या साडीचा कासोटा घालून दिला, शिट्टीच्या आधी हलायचं नाही हे बजावलं आणि तिच्या चपला हातात धरून कडेला उभी राहिली. "पळ, आई, पळ!" ती घसा फुटेस्तोवर ओरडली. सुलभा पहिली आली. चांगली चार पावलं पुढे होती.

धापा टाकत ती परत आली आणि चपला मागायला तिने हात पुढे केला.

"ए बुटके, आई काय म्हणतेस मला? कितवीत आहेस तू?"

"तिसरीत," तनुजा म्हणाली आणि चपला तिच्या पायाशी ठेवल्या.

मग दादाने दोघींचे हात धरले आणि रस्ता ओलांडून घरी नेलं.