वाघजाईवरचे इतर

लग्नपत्रिकेच्या तळाशी 'आणि इतर' असं छापलेलं असतं. त्या इतरांतला एक तरी माणूस तुम्ही कधी शोधलात का?

आमच्या ओतूरचे दगडूनाना शोधतात. एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला हा माणूस भर मांडवात पत्रिका घेऊन नवरदेवाच्या बापासमोर उभा राहतो आणि विचारतो, "इतर म्हंजे कोण, राव?" हल्ली त्यांना पत्रिकाच येत नाहीत. नाना म्हणतात, आता मीच इतर झालो.

दुसरं वेड जहाजाचं. समुद्र घाटाच्या पार तिकडे. तरी नानांनी रिकाम्या कांदाचाळीत बसून 'वाघजाई'ची प्रतिकृती उभी केली. ही शिडांच्या काळातली मराठ्यांची लढाऊ गुराब. फळ्या टोमॅटोच्या खोक्यांच्या, शिडं पॉलिहाऊसच्या फाटक्या कागदाची. तिची कारकीर्द ते सर्विस बुकासारखी सांगतात. जॉइनिंग विजयदुर्गाला. दोनदा तोफेचा मार, मग तळ घासायला खाडीत रजा, परत ड्युटी. शेवटी आवाज उतरतो. "रिटायर न्हाई झाली, भाऊ. जळाली. पर निशाण खाली न्हाई घेतलं."

गेल्या महिन्यात शाळेनं वाघजाई प्रदर्शनात मागितली. नाना आठवडाभर रोज दाढी करत होते. उद्घाटनाला तासभर उरला आणि मुख्याध्यापक जहाजाखालच्या खलाशांच्या नावांच्या फळीपाशी थबकले. वर सरदाराचं नाव, खाली कोऱ्या ओळीच ओळी. पाहुणे निघालेत, हे अर्धवट दिसतं, असं ते म्हणाले. फळी काढा, नाहीतर जहाज परत न्या.

नाना फळीसमोर आडवे उभे राहिले. "जुन्या कागदात सरदाराचं नाव हाय. बाकीचे 'इतर असामी'. कुणी लिवलंच न्हाई, म्हून कोऱ्या."

मी नानांच्या बाजूनं बोलणार, तेवढ्यात मला शेवटची ओळ दिसली. ती कोरी नव्हती. 'सुकाणूवर: शांताराम.' पुराव्याशिवाय बोलू नये, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. मी सगळ्यांदेखत, जरा चढ्या आवाजातच विचारलं, नाना, हे नाव कुठल्या कागदात सापडलं?

नानांनी पाकिटातून पिवळं पडलेलं कात्रण काढून माझ्या हातात दिलं. कालव्याच्या कामावर दरड कोसळल्याची बातमी. त्यात इंजिनियरचं नाव, गावासकट. पुढं: 'व इतर तीन मजूर ठार.'

"धाकटा भाऊ व्हता माजा," नाना म्हणाले. "जहाजावर न्हवता, ठाव हाय मला. पर कुटंतरी लिवायला पायजे व्हतं त्याला."

मुख्याध्यापकांनी कात्रण माझ्याकडून घेतलं, वाचलं, घडी घालून नानांना परत दिलं. मग वाकून तिरकी झालेली फळी सरळ केली.

वाघजाई अजून शाळेत आहे, फळीसकट. तुमच्याही घरातलं कुणीतरी कुठल्यातरी कागदावर 'इतर' म्हणून पडलेलं असेल. त्याचं नाव चिठ्ठीवर लिहा आणि घेऊन या. ओळी शिल्लक आहेत. नाना दुपारी तिथंच असतात, रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन.