पाय नेमका कशाने मोडला

जिल्हा इस्पितळातल्या नोंदी विभागाच्या खिडकीपाशी क्लेटो डिव्हिनाग्रासिया पोहोचला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. खिडकी पाचला बंद होणार. शुक्रवार, त्यात सोमवारी सुट्टी. आणि उद्या सकाळी सातला इलोइलो शहराच्या मोठ्या इस्पितळात त्याच्या पाठीचा एमआरआय होता. त्या नंबरासाठी तो तीन महिने थांबला होता. हा हुकला की आणखी तीन महिने.

क्लेटो होड्या बांधायचा. गेल्या वर्षापासून कंबरेतून अशी कळ निघे की रंधा हातात धरून दहा मिनिटंसुद्धा उभं राहवत नसे. अंगणात एक होडी अर्धवट पडून होती आणि तिच्यात आता शेजाऱ्यांची मांजर व्यायली होती. एमआरआयच्या आधी इलोइलोच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं, मग त्याच्या डाव्या मांडीवरचा लांबलचक व्रण बघून विचारलं, “आत सळई आहे?”

“आहे ना. बावीस वर्षं झाली.”

“कसली?”

“लोखंडाची असेल.”

“असेल म्हणून चालत नाही, मानोंग,” ते थोरल्या भावाला हाक मारावी तसं म्हणाले. “आमच्या मशीनमध्ये भलंमोठं चुंबक असतं. तुमची सळई तिकडे निघाली तर तुम्हालाही बरोबर जावं लागेल. जिथे ऑपरेशन झालं तिथे तुमची फाइल मागा. हक्क आहे तुमचा. अर्ज करायचा, दोन ओळखपत्रं दाखवायची, शिक्क्याची प्रत घ्यायची. कागद नाही तर मशीन नाही.”

हे परवा झालं. काल दिवसभर इस्पितळाचा फोन लागला नाही. आज दुपारी लागला तेव्हा कळलं की स्वतः यावं लागतं. मग एकच धावपळ उडाली. बायकोने, सालिंगने, कपाटातून ओळखपत्रं शोधली, आणि चॅपेल समितीच्या अध्यक्षा मानांग पोन्सिंग, म्हणजे पोन्सिंगताई, आपली छोटी गाडी घेऊन दारात हजर झाल्या.

“आमच्या वीराचं काम आहे,” त्या म्हणाल्या, “बसा!” आणि वाटेत दोन बदकं आणि एक फादर थोडक्यात वाचवत त्यांनी पंचवीस मिनिटांचा रस्ता पंधरा मिनिटांत संपवला.

खिडकीच्या काचेमागे मिस चारिटो होत्या. अंगात लोकरीचा स्वेटर, समोर छोटा माइक. काच जाड असल्यामुळे त्यांचं बोलणं वरच्या स्पीकरमधून यायचं, आणि तो स्पीकर इतका दणदणीत होता की साधं “नाव?” म्हटलं तरी बाकावरची पंधरा-वीस माणसं दचकायची.

क्लेटोने अर्ज भरला. ओळखपत्रं दिली. मिस चारिटो आत गेल्या, आणि दहा मिनिटांनी चेहऱ्यावर धूळ आणि हसू घेऊन परत आल्या.

“सापडली!”

सालिंगने त्याचा दंड घट्ट धरला. मानांग पोन्सिंगनी क्रुसाची खूण केली.

“फक्त एक अडचण आहे, सर. मागे एका वादळात आमच्या तळघरात पाणी शिरलं होतं. फाइलच्या पहिल्या पानावरची जन्मतारीख धुऊन गेलीय. आणि तुमच्या वाडीतून त्याच वर्षी तुमच्याच पूर्ण नावाचे दोन अनाक्लेटो डिव्हिनाग्रासिया दाखल झाले होते. दोघांचाही पायच.”

“दुसरा माझा पुतण्या. तो मोटरसायकलवरून पडला होता. आता दुबईत असतो.”

“असेल सर, पण मागच्या वर्षी आम्ही एकाची फाइल दुसऱ्याला दिली. त्या बिचाऱ्याला घरी जाऊन कळलं की आपल्याला जुळी मुलं झालीत. तेव्हापासून नियम झालाय. तारीख जुळली नाही तर एक प्रश्न विचारायचा. उत्तर फाइलशी जुळलं की फाइल तुमची.” त्यांनी फाइल आपल्या बाजूला उभी धरली. “सांगा, तुमचा पाय कशाने मोडला?”

क्लेटोने तोंड उघडलं आणि बायकोकडे पाहिलं.

“अहो, हे काय विचारणं झालं!” मानांग पोन्सिंगना राहवलं नाही. त्या बाकांकडे वळल्या. “सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे! ते मोठं वादळ आलं, चॅपेलमध्ये गळ्यापर्यंत पाणी. कोणाची हिंमत होईना. हा माणूस एकटा आत गेला! आमच्या संताची, सान रोकेची मूर्ती उचलली, वरून तुळई पडली पायावर, तरी सोडली नाही! सकाळी आम्हाला सापडला तेव्हा पाण्यात मूर्तीला मिठी मारून होता. संताच्या पायाशी असतो त्या कुत्र्यासकट मूर्ती शाबूत! तेव्हापासून सणाच्या मिरवणुकीत पहिल्या होडीत पहिली जागा याची!”

बाकांवरून कौतुकाचा आवाज उठला. एका म्हाताऱ्याने तर टाळ्या वाजवल्या.

मिस चारिटोंनी फाइलमध्ये पाहिलं. पुन्हा पाहिलं. “सर, तुम्ही स्वतः सांगा.”

“हेच,” क्लेटो पुटपुटला. “मूर्ती. तुळई.”

“माफ करा. जुळत नाही.”

“जुळत नाही म्हणजे?” सालिंग पुढे सरसावली. “मी बायको आहे त्याची! बावीस वर्षं ऐकतेय. तुळईच होती. सागवानी.”

“तिघांचंही चुकतंय, मॅडम,” स्पीकर गरजला. “मग ही फाइल पुतण्याची असणार. पण यात मोटरसायकलही नाही.”

फाइलमध्ये काय आहे हे त्या इमारतीत क्लेटोइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी ऑपरेशनच्या टेबलावर एका तरुण डॉक्टरने त्याला बजावलं होतं, “खरं काय ते सांगा काका, खोटं बोललात तर भुलीचं औषध उलटतं.” क्लेटोने घाबरून सगळं भडाभडा सांगितलं होतं, आणि त्या कार्ट्याने ते शब्द न् शब्द लिहून घेतलं होतं. शुद्धीवर आला तेव्हा खाटेभोवती सगळी वाडी जमली होती आणि वीराची कथा तयारच होती. त्याने ती रचली नव्हती. त्याने फक्त ती खोडून काढली नव्हती. पुढे दर सणाला तिच्यात एकेक तपशील वाढत गेला. तुळई तर पाचव्या वर्षी आली.

साडेचार वाजले.

“हा व्रण बघा!” क्लेटोने तिथल्या तिथे पँटचा पाय वर गुंडाळायला घेतला. तो गुडघ्यावर अडकला.

“व्रण दोघांनाही असेल, सर. कारण सांगा.”

“सालिंग,” तो वळून म्हणाला, “ओळखपत्रांच्या प्रती काढून आणतेस का? कोपऱ्यावर दुकान आहे.”

“आणल्यात. तीन तीन.”

“मग मला तहान लागलीय.”

तिने पिशवीतून बाटली काढून दिली. “पी, आणि तिला नीट सांग. तुळईची जाडी सांग. तू नेहमी सांगतोस ना, एवढी जाड.”

चार पस्तीस. बाकावरचा म्हातारा आता उभा राहून ऐकत होता. क्लेटोने काचेच्या फटीला तोंड लावलं आणि हळूच काहीतरी कुजबुजला.

“ऐकू येत नाही, सर!” स्पीकर म्हणाला.

तो पुन्हा कुजबुजला.

“को… काय? कोपरा?”

सगळी खोली पुढे झुकली. क्लेटो झटकन मागे सरला. मिस चारिटो तशा मनाने चांगल्या. त्यांना त्याची दया आली. “सर, तुमची खाजगी माहिती आहे, मोठ्याने सांगायची काहीच गरज नाही. चिठ्ठीवर लिहून द्या. मी कोणालाही सांगणार नाही.”

क्लेटोला ती बाई त्या क्षणी सान रोकेपेक्षा मोठी वाटली. त्याने सालिंगकडे पाठ करून, हाताचा आडोसा धरून, चिठ्ठीवर एक शब्द लिहिला. घडी केली. आणखी एक घडी केली. फटीतून आत सरकवली.

मिस चारिटोंनी चिठ्ठी उलगडली. फाइल पाहिली. त्यांचा चेहरा उजळला. पाव तास त्यासुद्धा या कोड्यात अडकल्या होत्या. आनंदाच्या भरात त्या मागच्या खोलीकडे वळून, माइक चालू आहे हे साफ विसरून, ओरडल्या,

“जुळलं! कोंबडा! कोंबडाच! झेरॉक्स चालू कर, यांचीच फाइल आहे!”

बाकांवरची सगळी माणसं क्लेटोकडे वळली.

“कसला कोंबडा?” सालिंगने विचारलं.

काचेमागे मिस चारिटोंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. क्लेटोने त्यांच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि बाकाच्या टोकाला बसला.

“सेनादोर,” तो म्हणाला.

“कोण सेनादोर?”

“माझा कोंबडा. झुंजीचा. तुझ्यासमोर शपथ घेतली होती ना मी, चॅपेलमध्ये, की झुंजी सोडल्या म्हणून? सगळे विकले, हा एक राहिला. इतका देखणा होता सालिंग! घरी कुठे ठेवू? चॅपेलच्या माळ्यावर ठेवला. रोज प्रार्थनेला जायचो ना मी, ते त्याला दाणे टाकायला.”

“आणि मी तुझ्या भक्तीबद्दल उपास करत होते!”

“वादळात पाणी चढलं. मी त्याच्यासाठी आत गेलो. त्याला काखेत मारला आणि शिडीवरून खाली येताना घसरलो. हात कुठे टेकू म्हणून मूर्तीला धरलं, तर मूर्तीसकट खाली. पाय मोडला. कोंबडा सुटला. मला पोहता कुठे येत होतं त्या पायाने? पण मूर्ती लाकडाची. ती तरंगली. तिला धरून राहिलो रात्रभर.” त्याने मान खाली घातली. “मी सान रोकेला नाही वाचवलं. त्याने मला वाचवलं. बावीस वर्षं पहिल्या होडीत बसतोय आणि त्याच्याकडे बघायची हिंमत होत नाही.”

मानांग पोन्सिंगच्या हातातला पंखा थांबला होता. त्या हळूहळू उठल्या. क्लेटोने डोळे मिटून घेतले.

“चमत्कार!” मानांग पोन्सिंग ओरडल्या.

क्लेटोने एक डोळा उघडला.

“अहो, मूर्ती वाचवली तर माणसाचं कौतुक. पण शपथ मोडलेल्या, चॅपेलमध्ये कोंबडा लपवणाऱ्या माणसाला जर संताने स्वतः पाण्यात उतरून वाचवलं, तर…! आणि वर डॉक्टरांच्या हस्ताक्षरात! सरकारी शिक्क्यानिशी! शेजारच्या वाडीकडे तरी आहे का असा कागद?” त्या खिडकीवर आदळल्या. “मिस, मला दोन प्रती. एक फ्रेमसाठी.”

“पेशंटची लेखी परवानगी लागेल, मॅडम,” मिस चारिटो म्हणाल्या. या वेळी त्यांनी आधी माइक बंद केला होता.

“देईल! का नाही देणार? मानोंग क्लेटो, सही करा. यंदा मिरवणुकीत तुम्ही पहिल्याच होडीत बसायचं. फक्त पाण्यात पडल्यासारखं.”

“आधी सळई बघा,” सालिंग म्हणाली. तिचा आवाज असा होता की मानांग पोन्सिंगसुद्धा गप्प बसल्या.

चार वाजून एक्कावन्न मिनिटांनी शिक्का मारलेली चौदा पानं फटीतून बाहेर आली. क्लेटो पानं उलटसुलट करू लागला. मिस चारिटोंनीच काचेतून बोट दाखवलं. चौथ्या पानावर, सळईच्या पाकिटाचं लेबल चिकटवलेलं होतं. सळई परदेशी डॉक्टरांच्या पथकाने दिलेली. टायटॅनियम.

“टायटॅनियम म्हणजे बरं की वाईट?”

“बरं, सर. चुंबक तिकडे बघतसुद्धा नाही. पण लेबलवरचा नंबर त्यांना नक्की दाखवा.”

क्लेटो ओरडलाच. बाकावरच्या म्हाताऱ्याने त्याला मिठी मारली, कोणीतरी टाळ्या सुरू केल्या, आणि मानांग पोन्सिंग गाडी काढायला जवळजवळ धावत गेल्या. उद्या सात! मशीन, मग ऑपरेशन, मग होडी! सालिंगच्या डोळ्यांतही पाणी आलं होतं, पण तिने अजून त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

तिला बोलतं करावं म्हणून क्लेटो पानं चाळत राहिला. “हे बघ, नर्सने किती छान लिहिलंय. तिसरा दिवस. ‘पेशंटचा ताप उतरला. पत्नीने आणलेलं कोंबडीचं सूप दोन वाट्या घेतलं. आणखी मागितलं.’ आठवतं सालिंग? काय चव होती त्याला! पुरात सगळं वाहून गेलेलं, दुकानं बंद, आणि तू कुठून कोंबडी मिळवलीस देव जाणे.”

“चॅपेलमधून,” सालिंग म्हणाली.

“काय?”

“गाळ काढायला गेलो होतो आम्ही बायका. वेदीवर एक कोंबडा बसला होता. कोणाचा, काय, पत्ता नाही. मी म्हटलं, माझा नवरा इस्पितळात आहे, मला द्या.”

क्लेटोने पान खाली केलं. “लाल होता?”

“लाल. शेपटीत दोन पांढरी पिसं.”

“दोन…”

“मांस जरा चिवट होतं. तीन तास उकळावं लागलं.”

क्लेटोने ते पान बाकीच्या पानांतून हलकेच वेगळं केलं आणि पुन्हा खिडकीशी गेला. मिस चारिटो कडी लावत होत्या.

“मिस, हे एवढं एक पान परत घेता का?”

“परत घेता येत नाही, सर. तुमची नोंद आहे, ती तुमच्याकडेच राहणार.” त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काळजीने विचारलं, “का, यात काही चूक झालीय का?”

“नाही,” क्लेटो म्हणाला. “सगळं बरोबर आहे. आणखी मागितलं होतं मी.”