फेर्नव्हेची कोरी जागा

अनुवादाच्या कचेरीत दुपारचे ऊन पेंगुळल्यासारखे टेबलावर पसरले होते, आणि त्या उन्हात अनुवादक व त्याचे साडू तिसऱ्या दिवशीही एकाच शब्दावरून हमरीतुमरीवर आले होते. साडू मुद्रितशोधक होते.

एका दिवंगत खलाशाची जर्मन रोजनिशी इंग्रजीत आणायची होती, कारण नातीला आजोबांची भाषा येत नव्हती. खलाशाच्या पत्नीने, म्हणजे नातीच्या आजींनी, बजावले होते, "शेवटचं वाक्य तेवढं जपा. ते माझ्यासाठी आहे." त्या वाक्यात 'फेर्नव्हे' होता: कधी न पाहिलेल्या दूरदेशासाठी जीव झुरणे.

"जर्मनच ठेवायचा," अनुवादक म्हणाला, "आणि पहिलं अक्षर मोठं. त्यांच्याकडे नामाला तेवढा मान असतो."

"पुस्तक इंग्रजी आहे, साडूबुवा! पाहुण्यानं टोपी दाराशी काढावी. त्यापेक्षा सरळ 'वाँडरलस्ट' लिहा, भटकंतीची ओढ."

"अहो, तोही जर्मनच!"

"असेल. पण तो इंग्रजीचा घरजावई झालाय."

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. कटकटीला विटून त्यांनीच नियम घालून दिला होता: दोघांची सही होईपर्यंत शब्द बसवायचा नाही, जागा कोरी सोडायची. छापखान्याला तो नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सही काही झाली नाही; साहजिकच चौथ्या दिवशी, ठरल्या वेळी, पुस्तक छापून आले. शेवटच्या वाक्यात मधोमध शुभ्र पोकळी होती, आणि पहिली प्रत परस्पर आजींकडे पोचलीही होती.

संध्याकाळी आजी स्वतःच आल्या. त्या पोकळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे कुणाला सुचलं?"

"आजी, आमची चूक—"

"बोलता बोलता ते नेमके असेच थांबायचे. खिडकीबाहेर बघत राहायचे, आणि मी वाट बघायची. पन्नास वर्षं! नात विचारते, इथं काय होतं? तासभर सांगत बसले तिला." त्यांनी पुस्तक छातीशी धरले. "आणखी पन्नास प्रती काढा. काही बदलाल तर याद राखा."

आजी गेल्यावर दोघेही खिडकीबाहेर, कुठल्याशा नसलेल्या समुद्राकडे पाहत राहिले.

"साडूबुवा," अनुवादक हळूच म्हणाला, "कोऱ्या जागेवर आता दोघं सही करू."

साडूंनी चष्मा पुसला, पानावर पट्टी ठेवली आणि डोळे बारीक केले.

"करतो. पण ही जागा 'वाँडरलस्ट'च्याच मापाची आहे, हे आधी कबूल करा."