एकवीस वाटा आणि एक क्लास

उदगीरच्या एका शाळेत संगमेश्वर सरांना वरून परिपत्रक आलं. विद्यार्थ्यांची निर्णयक्षमता वाढावी म्हणून प्रत्येक शिक्षकानं घरगुती प्रसंगावर मोबाइलवर चालणारी गोष्ट करायची. वळणावर दोन बटणं द्यायची. मूल जे दाबेल तशी गोष्ट पुढं जाईल. काम ऐच्छिक होतं, फक्त न केल्यास लेखी खुलासा सक्तीचा होता.

सरांना मोबाइलवर गुड मॉर्निंग पाठवण्यापलीकडं काही जमत नव्हतं. म्हणून गोष्ट त्यांच्या मुलीनं, वर्षाराणीनं बसवली. तिची दहावी नुकतीच झालेली. तिला आर्ट्सला जाऊन इतिहास शिकायचा होता. सरांनी लातूरला डॉक्टरकीच्या क्लासमध्ये तिची जागा धरून ठेवली होती. तिला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

तिनं पहिलंच वळण टाकलं. दहावी झाली, पुढं काय? अ म्हणजे सायन्स, ब म्हणजे आर्ट्स.

"हे ब कशाला?" सर म्हणाले.

"दोन बटणं लागतात, पप्पा. परिपत्रकात हाय."

"मग राहू दे. दाबल्यावर काय होतं?"

"पोरगी इतिहास शिकते."

"असं कसं एकदम? घरात माणसं न्हाईत का? मामाचा फोन टाक आधी."

मामाचा फोन टाकला. पण गोष्टीतल्या पोरीला मामाला 'न्हाई' म्हणायची सोय उरत होती. तेव्हा सरांच्या आई नागम्मा आतून म्हणाल्या, "माझं बी टाक गं. मी जेवण सोडून पडते."

"किती दिवस, अव्वा?" वर्षाराणीनं आजीला विचारलं.

"पोरगी कबूल होईस्तोवर. चहा चालंल."

तरीही पोरगी अडली, तर शेजारीण लेकीच्या एमबीबीएसचे पेढे घेऊन यायची. असं करत एकवीस वाटा झाल्या. एकवीसच्या एकवीस लातूरच्या क्लासच्या दारात निघत होत्या.

केंद्रप्रमुख तपासायला आले. त्यांनी सात वेळा ब दाबून पाहिलं आणि सातही वेळा फिजिक्सच्या तासाला जाऊन बसले.

"लई खरी उतरलीय," ते म्हणाले. "आमच्या घरात बी असंच झालं होतं."

चारशे मुलांवर चाचणी झाली. सगळी मुलं शेवटी अ वर पोचली. निर्णयक्षमता शंभर टक्के, असा अहवाल गेला आणि सरांना शाल मिळाली.

शाल अंगावर असतानाच वर्षाराणी म्हणाली, "पप्पा, मी खरंच ब दाबणार हाय."

"दाब की बेटा. तुला कुणी अडवलंय का?" सर मायेनं म्हणाले, आणि त्यांनी तिच्या मामाला फोन लावला.

आता पाळी वाचकांची. वर्षाराणीनं काय शिकावं? तुम्ही ब दाबलंत, हे दिसलं. दुसऱ्याच्या पोरीसाठी सगळे तेच दाबतात. तिच्या जागी आता तुमची मुलगी उभी केलीय.

पुन्हा दाबा.