मुनशीजींचा पुरावा

आमच्या शेजारचे मुनशीजी पाणीसुद्धा कारण दाखवून मागत. दारात उभे राहून घसा साफ करीत आणि माझ्या बायकोला म्हणत, "वहिनी, अर्ज असा की, आमचा रांजण आज सकाळी तडकला, सबब एक तांब्या पाणी मिळावं." ती आत वळली की मागून पुस्ती जोडत, "खापऱ्या ओट्यावर ठेवल्या आहेत. पाहून घ्याव्यात."

खापऱ्या पाहायला कुणी जात नसे. पण पुराव्यावाचून काही मागणं त्यांना बरं वाटत नसे.

त्यांचं नाव भगवंतराव. कचेरीसमोरच्या लिंबाखाली सतरंजी टाकून ते लोकांचे अर्ज उर्दूत लिहून देत, म्हणून गावानं त्यांना मुनशीजी केलं. मी शाळेत मास्तर. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक भिंत होती, आणि तिच्या पलीकडून त्यांचा आवाज रोज ऐकू येई. कुणी पोरगं हरवलं म्हणून रडत आलं तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "पुरावा जोडला का?" आता दोन महिने झाले, पलीकडून आवाज येत नाही.

प्लेगच्या वर्षांत सरहद्दीवर परवान्याची सक्ती झाली. आमच्या गावापासून चार कोसांवर मोगलाई संपून इंग्रजी मुलूख लागे. एरवी लोक तिकडच्या विहिरीवर आंघोळ करून इकडे जेवायला येत. आता नाक्यावर शिपाई बसला आणि कागद मागू लागला. परवाना वर्षातून एकदाच, तोही पंधरा दिवसांचा. छापील अर्जात रकाने होते : पलीकडे कोण आहे, नातं काय, जाण्याचं कारण काय. लग्न हे कारण कचेरीला मुळीच आवडत नसे. लग्न म्हणजे वऱ्हाड आणि वऱ्हाड म्हणजे रोगराई, असं तिचं मत होतं. त्यामुळे सगळे जण मावशी आजारी असल्याचं लिहीत. मुनशीजींच्या बोरूनं इतक्या मावश्या अंथरुणाला खिळवल्या, की साहेबापुढे कागद ठेवणारे कचेरीतले पेशकार एकदा म्हणाले, "मुनशीजी, तिकडचे काका-मामा अगदी ठणठणीत असतात वाटतं?"

"अर्जदार सांगेल ते लिहिणं माझं काम," मुनशीजी म्हणाले. "माझा स्वतःचा अर्ज असता, तर एक अक्षर खोटं लिहिलं नसतं."

आणि मग त्यांच्या स्वतःच्या अर्जाची वेळ आली.

सगुणाबाई ही सरहद्दीपलीकडच्या गावची विधवा. म्हाताऱ्या आईबरोबर राहायची, आणि परवान्याच्या आधी आमच्याकडच्या बाजारात तिखट-मिरची विकायला यायची. एकदा जकातीच्या नाक्यावर तिची मिरचीची गोण अडकली. चोरीचा माल आहे, असं शिपायाचं म्हणणं. ती तरातरा लिंबाखाली आली.

"गोण माझी हाय, मिरची माझ्या रानातली हाय. मग त्यानं कावून ठिवून घ्यायची?"

"पुरावा काय?"

तिनं ओच्यातून मूठभर मिरच्या काढून सतरंजीवर ठेवल्या. "खाऊन बघा की. असली मिरची आमचं रान सोडून कुठंच न्हाई."

मुनशीजींनी खरोखर एक मिरची चावून खाल्ली. मग बराच वेळ त्यांना लिहिता आलं नाही. शेवटी त्यांनी तो पुरावा रीतसर अर्जात नोंदवला आणि गोण सुटली. त्यानंतर दर बाजाराला तिखटाची एक पुडी त्यांच्या सतरंजीवर येऊन पडू लागली. दहीभाताखेरीज काही न सोसणारा हा माणूस भाकरीला तिखट लावून खाई आणि डोळे पुसत म्हणे, "धूर फार झालाय." चूल केव्हाच विझलेली असे.

मुनशीजींची बायको लग्नानंतर वर्षभरातच गेली होती. त्यांच्या समाजात पाट लावायची, म्हणजे विधवेशी लग्न करायची, चाल होती. सगुणाबाईच्या आईनं निरोप धाडला, की माझ्या देखत एवढं करून घ्या. पण तोवर नाक्यावर परवाना लागू झाला होता.

मुनशीजींनी अर्जात लिहिलं : 'कारण : विवाह. नातं : आज नाही, होणार आहे.' अर्ज परत आला. जे नातं नाही ते रकान्यात दाखवता येत नाही, असा शेरा होता.

"अहो, मावशी लिहा," पेशकार म्हणाले. "आत्ता सही आणून देतो."

"मावशीशी पाट लावायला जाऊ का, पेशकारसाहेब?"

दुसरा अर्ज गेला, तिसरा गेला. सोबत म्हातारीचा अंगठा, तिकडच्या पाटलाची साक्ष, आणि सगुणाबाई विधवा असल्याबद्दल चार गावकऱ्यांचा दाखला. कागद एवढे झाले, की शेवटी ते वाचण्यापेक्षा मंजूर करणं कचेरीला सोपं वाटलं. तीर महिन्याचा दुसरा पंधरवडा मिळाला.

तीर हा सरकारी फसली सालातला महिना. फसली साल सूर्यावर चाले, आपलं पंचांग चंद्रावर. मुनशीजींची वीस वर्षं फसली तारखा लिहिण्यात गेलेली. गेल्या साली तिरात गावभर सनया वाजत होत्या, म्हणून त्यांनी यंदाही तीरच मागितला होता.

परवाना घेऊन ते थेट आमच्या घरी आले. नवी पगडी होती. "मास्तर, जरा पंचांग काढा. चांगला दिवस बघा."

मी पंचांग काढलं. एक पान उलटलं, मग मागचं उलटलं. पंधराच्या पंधरा दिवस अधिक महिन्यात पडत होते. अधिकात लग्न होत नाही, पाटही लागत नाही.

"मुनशीजी, हा अधिक ज्येष्ठ आहे."

"छापलंय तसं?"

"छापलंय."

छापलेल्याशी त्यांनी कधी वाद घातला नव्हता. पगडी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

मुदत बदलून मिळाली नाही; वर्षातून एकदा म्हणजे एकदा. बाहेर रहीम टांगेवाला त्यांच्या बरोबरीचा, तो कसला सोडतो. "काय बे मुनशी, सरकारचं साल बारा महिन्यांचं, अन् तू तेराव्यात घोड्यावर बसतो व्हय?" सगळे हसले. मग रहीमच हळूच म्हणाला, "जाऊन तर ये. टांगा हाय आपला."

मुदतीच्या तिसऱ्या दिवशी मुनशीजी पलीकडे गेले. "समक्ष कळवलं पाहिजे," एवढंच म्हणाले. पंधरा दिवसांचा परवाना खिशात असून दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. परवान्यात विवाह लिहिलेला, आणि विवाह होत नसताना जास्त राहणं त्यांना गैर वाटलं. हातात फडक्यानं बांधलेली टोपली होती. त्यांनी त्यातले पाच अनारसे आमच्या ताटलीत ठेवले.

बायकोनं ताटलीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. अधिकात अनारसे करतात ते जावयाला वाण द्यायला, तेहेतीस. "मुनशीजी, हे कुणी दिले?"

ते ओट्याकडे बघत राहिले. "वहिनी, याला पुरावा मागू नका."

एवढ्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. बायकोनं ताटली आत नेली.

पुढच्या साली नीट तारीख बघायचं ठरलं होतं. पण दिवाळीनंतर पलीकडच्या त्या गावात प्लेग शिरला. सगुणाबाई गेल्याचं नाक्यावरच्या शिपायाकडून कळलं. मुनशीजी दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी लिंबाखाली बसले. पुढेही लोकांच्या मावश्या आजारी पडत राहिल्या आणि ते लिहीत राहिले. एवढाच फरक झाला, की हल्ली बोरू थांबवून ते विचारत, "खरंच आजारी आहे का?" आणि अर्जदार हो म्हणाला, तर तो अर्ज स्वतः धावत आत नेऊन देत.

दोन महिन्यांमागे मुनशीजी वारले. त्यांना मागेपुढे कुणी नव्हतं. त्यांची पेटी मीच उघडली. तिखटाची एक रिकामी पुडी होती, तो न संपलेला परवाना होता, आणि त्याखाली घडी घातलेला एक अर्ज, सगुणाबाईच्या गावात प्लेग शिरला त्याच महिन्यातला, नव्या फसली सालचा. उर्दू मला येतं. नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं : पत्नी. कारणाच्या रकान्यात : पत्नी आजारी.

वरून लाल शाईचा शेरा होता : 'अर्जदाराचा विवाह झाल्याचा पुरावा नाही. नामंजूर.'

त्याच्या खाली मुनशीजींच्या बारीक अक्षरात, बहुधा कधीच परत न पाठवलेलं उत्तर होतं : 'पुरावा : अधिकाचं वाण. अनारसे तेहेतीस, तुपाच्या दिव्यासह, पावले. पैकी पाच शेजारी दिले. साक्षीदार : मास्तर आणि वहिनी.'

साक्षीला आम्हांला कुणी बोलावलं नाही. ही साक्ष मी आता लिहिली आणि बायकोला वाचून दाखवली.

"पाचच होते," ती म्हणाली. "मी मोजले होते. तसं लिहा."