कॉटला जडलेली सायकल

सायकल तयार झाली होती. फक्त ती कॉटपासून सुटत नव्हती.

नागसेनने सांगाडा दोन्ही हातांनी धरून जोरात हिसडा दिला. सायकल सुटली नाही, उलट कॉटच तिच्यासोबत अंगणात वीतभर सरकली. ही लोखंडी कॉट त्याच्या आईची, कस्तुराबाईंची. पाइप सरळ उभे धरायला दुसरं काही मिळेना, म्हणून डोक्याकडच्या कठड्याला टेकवून वेल्डिंग करायचं ठरलं होतं.

"किसन, मी तुला टाके मारायला सांगितलं होतं," नागसेन मेव्हण्यावर ओरडला. "चार ठिकाणी नुसते टाके! तू गोधडी शिवून ठेवलीस!"

"मजबूत नको का, दाजी? आपली ताई बसणार त्याच्यावर."

"अरे, सायकल मजबूत कर ना! कॉट कशाला घेतलीस मध्ये?"

"कंपनीत पार्ट धरून ठेवणारं फिक्स्चर कधीच चिकटत नाही हो," किसन खरोखरच चकित झाला होता.

"कंपनीत तू स्वतः वेल्डिंग करतोस ना?"

"म्हणजे... करतो रोबो. मी पार्ट लावतो, मागं सरकतो आणि दोन हिरवी बटणं दाबतो."

नागसेन मटकन पायरीवर बसला. आठ वर्षं ज्याच्या ओळखपत्रावर 'वेल्डर' छापलेलं, ज्याचं लग्न 'मुलगा चाकणला वेल्डर आहे' म्हणून जमलं, त्याने आज पहिल्यांदाच वेल्डिंगचा होल्डर हातात धरला होता! बरं, हे सांगायचं कधी? मशीन भाड्याने आणण्याआधी? छे! कॉट गेल्यावर!

मुळात या उपद्व्यापाचं कारण नागसेनच्या बायकोचे, मिनलचे लेटमार्क. महाळुंग्याच्या एका कंपनीत ती दोन महिन्यांपूर्वी लागली होती आणि पहिल्या शिफ्टला दोनदा उशिरा पोचली होती. तिसरा लेटमार्क लागला की थेट घरी, असं सुपरवायझरने बजावलं होतं. पावणेसहाची शेअर रिक्षा चुकली की पुढची भरेपर्यंत सात वाजायचे.

"रिक्षावाल्यांचा काही नेम नाही. मी तुला इलेक्ट्रिक सायकलच बनवून देतो," नागसेनने जाहीर केलं होतं.

"अहो, रिक्षा वेळेवरच येते," मिनल म्हणाली होती. "माझ्या मोबाइलचा अलार्म झोपेत कोण बंद करतं, ते बघा आधी."

या प्रश्नाचं उत्तर देण्यापेक्षा नागसेनला सायकल बनवणं सोपं वाटलं होतं.

आता शनिवारची संध्याकाळ झाली होती. सोमवारी मिनलची पहिली शिफ्ट होती. नागसेनने लोखंड कापायची हॅक्सॉ घेतली. तीन ब्लेड तुटली, वेल्डिंगवर ओरखडासुद्धा उठला नाही.

"वा, काम मात्र पक्कं झालंय," किसन हळूच म्हणाला.

"तू बोलूच नकोस!"

तेवढ्यात कस्तुराबाई बाहेर आल्या. "व्हय रं, मी झोपू कुठं? का सायकलीवर बसूनच रात काढू?"

"आई, किसन सोमवारी ग्राइंडर आणतोय. मग सोडवतो."

"माझ्या कॉटला ग्राइंडर लावायचा न्हाई, सांगून ठेवते."

शेवटी सायकलसकट कॉट चौघांनी आत ढकलली. दारात हँडल अडकलं, चौकटीचा रंग गेला, मिनलच्या बांगड्या फुटल्या. तिने तुकडे गोळा करून नागसेनच्या हातावर ठेवले, तेव्हा तो जास्तच घाबरला. रविवारी गप्प बसवेना, तेव्हा त्याने सांगाड्याला बॅटरी, दिवा आणि हॉर्न जोडले. निदान वायरिंग तरी तपासून होईल, असा त्याचा विचार. हॉर्नचं बटण बरोब्बर कस्तुराबाईंच्या उशीवर आलं.

सोमवारी पहाटे पाचला मोबाइल वाजला. नेहमीप्रमाणे झोपेतच नागसेनचा हात बाहेर आला आणि अलार्म बंद झाला.

पोंऽऽऽ!

नागसेनने मोबाइल पुन्हा दाबला. आवाज थांबेना. उशीखाली खुपसला, तरी थांबेना.

"ऊठ गं मिनल!" आतून कस्तुराबाई हॉर्नवर बोट दाबून धरूनच ओरडल्या. "पाच वाजले! ह्यो मेला झोपलाय व्हय अजून?"

मिनलला पावणेसहाची रिक्षा मिळाली. शिफ्ट सुरू व्हायच्या पंधरा मिनिटं आधी तिने गेटवर कार्ड पंच केलं.

संध्याकाळी किसन ग्राइंडर घेऊन आला. कस्तुराबाई कॉटवर मांडी ठोकून बसल्या होत्या. "खबरदार! हात लावायचा न्हाई."

"राहू दे रे, किसन," मिनल म्हणाली.

"अगं, पण मग सायकल?" नागसेन कळवळून म्हणाला. "मी तुला कंपनीत पोचवायला बनवलीय ती!"

"पोचवलं की तिनं. आज वेळेत पोचले." मिनलने चार्जर त्याच्या हातात ठेवला. "बॅटरी तेवढी चार्जिंगला लावा. पाच वाजता लागेल."