ड्रायव्हर चालू होत नाही

प्रसेनजितनं सकाळपासून त्या एकाच चिन्हावर इतक्या वेळा क्लिक केलं होतं, की आता बोटही कंटाळलं होतं. बाणाशेजारी निळं वर्तुळ गरगरे, विचार बदलल्यासारखं नाहीसं होई, आणि पुढे काहीच होत नसे. लॅपटॉपचा ग्राफिक्स ड्रायव्हर सांभाळणारं सॉफ्टवेअर उघडायलाच तयार नव्हतं. ते उघडल्याशिवाय बंगल्याचं थ्री-डी चित्र रंगांत दिसणार नव्हतं. आणि दुपारी उंद्रीचे अर्जुनराव बायकोला घेऊन आपला होणारा बंगला पडद्यावर बघायला मेहकरला येणार होते.

प्रसेनजित घरांचे नकाशे काढायचा. आजवर कुणाचा जिना, कुणाचं पत्र्याचं शेड, असलीच कामं वाट्याला आलेली. अख्खं घर पहिल्यांदाच मिळत होतं. हे हातचं गेलं की पुन्हा शेड.

"काय झालं बे?" वडील, जानराव, चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले. एसटीच्या ड्रायव्हरकीतून ते रिटायर झाले होते.

"बाबा, ड्रायव्हर चालू होऊन नाही राह्यला."

जानरावांनी कप खाली ठेवला. "चालू होत नसते ती गाडी. ड्रायव्हर चालूच असते. मले कधी कोणी धक्का मारून चालू केलं नाही."

"तसा ड्रायव्हर नाही, बाबा. सॉफ्टवेअर आहे हे."

"मंग त्याले ड्रायव्हर काऊन म्हणता?"

प्रसेनजितनं मोबाइल उचलला. त्यानं खामगावला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेल्या गोकुळला फोन लावला.

"बंद करून चालू केला का?" गोकुळनं विचारलं.

"केला ना भाऊ. तेच करून राह्यलो सकाळपासून."

"मंग जुना ड्रायव्हर पुरा काढून टाक अन् नवा टाक. पाच मिन्टाचं काम आहे."

काढायचं काम खरोखरच पटकन झालं. पडदा एकदा काळा झाला आणि परत आला तेव्हा त्यावरची अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी झाली होती. नवा ड्रायव्हर उतरवायला घेतला, तर निम्म्यात लाइट गेली आणि वायफाय बंद पडलं. मोबाइलच्या नेटवर कसाबसा तो पूर्ण उतरवला. तर लॅपटॉपनं कळवलं, की हा ड्रायव्हर या मशीनसाठी नाही.

"मॉडेल कोणतं आहे तुह्यं?" परत फोन केल्यावर गोकुळनं आता विचारलं.

"हे पह्यले विचारायचं ना!"

"तू पह्यले सांगायचं ना! जाऊ दे, अपडेटले लावून दे. तो आपल्या मनानं शोधते."

लाइट आल्यावर प्रसेनजितनं अपडेट लावलं. लॅपटॉप स्वतःच बंद झाला, स्वतःच चालू झाला, आणि 'कृपया संगणक बंद करू नका' असं सांगून स्वस्थ बसला. प्रसेनजितही त्याच्यासमोर तसाच बसला. बायको सारिका दोनदा जेवायला बोलावून गेली. तिसऱ्यांदा आली ती वेगळं सांगायला.

"उठा, तोंड धुवा. पावणे आले."

लॅपटॉप नेमका तेवढ्यात जागा झाला. सॉफ्टवेअर मात्र अजूनही उघडेना. बिनरंगाचं साधं चित्र तेवढं दिसत होतं. निरुपायानं प्रसेनजितनं तेच अर्जुनराव आणि अन्नपूर्णाबाईंसमोर ठेवलं. भिंती राखाडी, खांब राखाडी, दरवाजे राखाडी.

अर्जुनरावांचा चेहरा पडला. "अन् सोनेरी खांब? निळे लाइट? गेटवरचे सिंह कुठं गेले? साडूच्या गेटवर दोन आहेत, म्हून मी चार सांगतले होते."

"यायचे आहेत, काका. जरा टाइम लागून राह्यला."

अन्नपूर्णाबाई पडद्याजवळ सरकल्या. प्रसेनजितनं त्यांना ओसरीतून आत नेलं, स्वयंपाकघरातून मागच्या ओट्यावर आणलं. तिथं त्यांनी हात करून थांबवलं.

"इथं सकाळचं ऊन येईन?"

"येईन ना, काकू."

"किती शांत घर आहे," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, लग्नाचा मंडप बांधून राह्यले हे. असंच पाह्यजे मले. कलरही हाच."

"अवो, हा कलर नाही! कलर यायचा आहे अजून," अर्जुनराव म्हणाले.

"मंग येऊच देऊ नका."

आणि नेमका तेव्हाच लॅपटॉपचा पंखा घरघरला. पडदा लुकलुकला. अपडेटला ड्रायव्हर सापडला होता. कोपऱ्यातला पहिला खांब हळूहळू सोनेरी होऊ लागला, आणि गेटवर एक शेपटी उगवली.

प्रसेनजितनं फटकन लॅपटॉप मिटला.

"काय झालं?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"बंद पडला, काकू."

"पडू द्या. पाह्यलं तेवढं बस झालं. आता पाया कधी खंदायचा ते सांगा."

पाहुण्यांना निरोप द्यायला प्रसेनजित रस्त्यापर्यंत गेला. त्याला फक्त आडवं व्हायचं होतं. अन्नपूर्णाबाई गाडीत बसल्यावर अर्जुनरावांनी त्याला गाडीच्या मागच्या बाजूला नेलं आणि आवाज बारीक केला.

"एक काम करा. एकच सिंह बसवा. मांगच्या भिंतीले, न्हाणीच्या आड. हिले दिसला नाही पाह्यजे, पण साडू आला तं त्याले दाखवता आला पाह्यजे."